गावचा ग्रुप बंद करू काय? (बैलजोडी फुटली)

धुरावाला (दारव्हा) | १७ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

मंडळी, पहिलेच सांगतो, ह्या धाग्यावर कोणत्याही पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव घेऊ नका. नाव आलं की विषय बाजूला राहते अन् तुमचं-आमचं सुरू होते. सहा वर्षं रोज तेच पाहून राहिलो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, अडीचशे-तीनशे उंबऱ्यांचं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, वर्षभरात म्हाताऱ्यांच्याही हातात फोन आले, म्हणून २०१७ मध्ये मी गावचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. काम साधं होतं. डीपी (लाईनचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, लाईन किती वाजता येणार, रोही (नीलगाई) कोणाच्या वावरात घुसले, राशन आलं का, मयत किती वाजता उठणार. दोन वर्षं झकास चाललं.

आता मुद्दा. माझा काका अन् माझा एक वर्गमित्र. दोघांकडं चार-पाच एकर. जोडी पोसणं दोघांनाही परवडत नाही, म्हणून काकाचा एक बैल, मित्राचा एक बैल, अन् मिळून जोडी. डवराही एकच, दोघांचा. अकरा वर्षं असं चाललं. मागच्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाच्या आठ दिवस आधी, काकानं ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मित्रानं खाली दोनच शब्द लिहिले, "खोटं आहे." काका म्हणे, "तू शिकवतं काय मले?" मग रात्री साडेबारापर्यंत दोघं लिहीतच होते. शेवटी शेवटी व्हिडिओ कुठच्या कुठं राहिला, कोणाच्या बापानं कोणाच्या बापाचा धुरा (बांध) कोरला इथपर्यंत गेलं. दोघांची घरं समोरासमोर, मधात फक्त बैलगाडीचा रस्ता. एकानंही उठून दार उघडलं नाही.

त्या दिवसापासून बोलणं बंद. काकानं यंदा ट्रॅक्टरनं पेरून घेतलं, पण उभ्या कपाशीत डवरणीले आमच्याकडं बैलच लागते. एका पाहुण्याचा बैल मागून आणला. तो निघाला उजव्या अंगाचा, काकाचाही उजव्याच अंगाचा. दोघंही डावीकडं जुंपून घ्यायले तयार नाही. दोन तासांत अर्धी ओळ झाली, अन् तीही वाकडी. आता काकाच्या वावरात गवत कमरेले लागलं.

शुक्रवारी पोळा आहे. मी ॲडमिन. ग्रुपच बंद करू, दोघांले काढू, की गप्प राहू?

ठेचाभाकर (मूर्तिजापूर) | १७ ऑगस्ट, रात्री ९.५२

पक्षाचं नाव नाही घेत भाऊ, फक्त एवढं सांगा, बैलाच्या शिंगांले रंग कोणता लावला होता? बाकीचं आम्ही समजून घेऊ.

धुरावाला | १७ ऑगस्ट, रात्री ९.५५

काकानं यंदा हिंगूळच लावून नाही राहिला. म्हणे, रंग पाहून लोकं अर्थ काढतात. हसण्याची गोष्ट नाही, खरंच.

डीपी_जळाली (पांढरकवडा) | १७ ऑगस्ट, रात्री १०.१०

दोघांले काढा अन् बैलांले ॲड करा.

कोकणी_फणस | १७ ऑगस्ट, रात्री १०.३१

बाहेरचा माणूस विचारतोय, रागावू नका. डवरा म्हणजे काय?

निवृत्त_मास्तर (आर्वी) | १८ ऑगस्ट, सकाळी ६.०५

फणसराव, डवरा म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून बैलांनी ओढायचं औजार. खाली लोखंडी पास असते, ती तण कापते आणि माती भुसभुशीत करते. देशावर कोळपं म्हणतात तसंच साधारण.

आता धुरावाला, तुला सांगतो. राजकारणावरून भांडणं फोनने आणली, हे मला पटत नाही. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भ वेगळं राज्य करा म्हणून शिफारस केली होती. ती झाली नाही, १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष होते. वडील वेगळ्या विदर्भाचे, मामा पक्का महाराष्ट्रवादी. १९७१ ला विदर्भवादी जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर निवडून आले तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले. मामाने पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाला, "गोड आहे, पण राज्य नाही होत." नंतर दोघे भांडत भांडत वरण-भातावर आले. फरक असा की भांडायला त्यांना एका ओसरीवर यावं लागायचं, आणि ओसरीवर आलं की आई जेवायला वाढायची.

ठेचाभाकर | १८ ऑगस्ट, सकाळी ६.४०

मास्तर, पुढाऱ्याचं नाव घेतलं. अंगठे धरा.

निवृत्त_मास्तर | १८ ऑगस्ट, सकाळी ६.५५

धरले. गुडघ्यांची तक्रार आहे, पाचच मिनिटं.

पुण्यातला_वऱ्हाडी | १८ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मी ह्याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. मास्तरांचं अर्धं बरोबर आहे. भांडण जुनं असेल, पण त्याला आता कोणीतरी रॉकेल पुरवतं. २०१७ मध्ये फेसबुकने आपल्या हिशेबात रागाच्या आणि बाकीच्या इमोजींना साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं. म्हणजे ज्या पोस्टवर लोक चिडतात ती जास्त लोकांसमोर जाणार. कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा हे सगळ्यांना कळलं. रागाचं वजन त्यांनी शून्यावर आणलं ते २०२० मध्ये. तोवर रागाला साध्या लाईकपेक्षा जास्त भाव होता.

डीपी_जळाली | १८ ऑगस्ट, सकाळी ११.२६

म्हणजे हमीभाव रागाले हाय, सोयाबीनले नाही. मागच्या साली सरकारी भाव ४,८९२ होता, मी विकली चार हजाराच्या खाली. राग पिकवला असता त पोरीचं लग्न निघालं असतं.

जाईजुई (दर्यापूर) | १८ ऑगस्ट, दुपारी २.१५

डीपीभाऊ, हसता हसता डोळ्यात पाणी आलं. पण पुण्याच्या भाऊंना एक विचारते. फेसबुकचं ठीक. व्हॉट्सॲपवर कुठे तसा हिशेब आहे? तिथे काकांनी टाकलं ते सगळ्यांना सारखंच दिसतं. तिथे रॉकेल कोण टाकतं?

पुण्यातला_वऱ्हाडी | १८ ऑगस्ट, दुपारी ३.०२

बरोबर पकडलंत ताई. ग्रुपमध्ये वर-खाली करणारं कोणी नाही, तिथे आपणच. कंपनीने लगाम घातले आहेत: २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड, २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज एकाच ठिकाणी. दोन बाणांची खूण दिसली की समजायचं, हा माल बऱ्याच हातांतून आलाय.

ठेचाभाकर | १८ ऑगस्ट, दुपारी ३.१०

आमच्या मामाले ते दोन बाण म्हणजे आयएसआयचा शिक्का वाटते. "पाहा, किती लोकांनी पाठवला, खोटा असन काय?"

पालावरचा | १८ ऑगस्ट, रात्री ८.४५

हसून झालं असेल तर एक लिहितो. १ जुलै २०१८, राईनपाडा, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आली असा मेसेज फिरला आणि भिक्षा मागायला गेलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पाचच ठिकाणी फॉरवर्डचा नियम त्याच महिन्यात आला.

मी स्वतः नाथजोगी. त्या वर्षापासून माझे चुलते गावात शिरण्याआधी पोलीस पाटलाचं घर विचारतात, आधार कार्ड दाखवतात, मग भगवे कपडे घालतात. पिढ्यान् पिढ्या ज्या गावांत आमच्या आजोबांना नावानं ओळखायचे, तिथे. धुरावाला, तुमच्या ग्रुपवर कधी "अनोळखी माणसं फिरत आहेत, सावध" असा मेसेज आला का? आला तर तुम्ही काय केलं? मला बैलजोडीपेक्षा हे जास्त विचारायचं आहे.

धुरावाला | १८ ऑगस्ट, रात्री ९.३०

आला होता. २०१८ मध्येच. मी काही केलं नाही. खरं सांगायचं तर मीही दोन ठिकाणी पुढं पाठवला. पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. आज तुम्ही विचारलं म्हणून आठवलं.

पालावरचा | १८ ऑगस्ट, रात्री ९.४१

कबूल केलंत, एवढं पुरे. चालू द्या.

निळी_पहाट (मोहाडी) | १९ ऑगस्ट, सकाळी १०.०५

वरचं सगळं वाचलं. मास्तरांची ओसरी, पेढा, वरण-भात सगळं छान आहे. पण त्या ओसरीवर कोण बसायचं सर? आमचे आजोबा अंगणाच्या बाहेर उभे राहून बोलायचे. पारावरच्या चर्चेत आमच्या वस्तीचा माणूस कधी होता? "पूर्वी भांडून एक व्हायचे" असं म्हणणारे बहुतेक एकाच आळीतले असतात.

खैरलांजी आमच्याच तालुक्यातलं. २९ सप्टेंबर २००६, एका दलित कुटुंबातल्या चौघांचा खून. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. तेव्हा कुठला ग्रुप होता? कोणता व्हिडिओ होता? द्वेषाला रेंज लागत नाही.

आणि एक उलट बाजू. आमच्या गावच्या ग्रुपवर १४ एप्रिलला माझ्या भावाने बाबासाहेबांचा फोटो टाकला, खाली शुभेच्छा आल्या, चार जण ग्रुप सोडून गेले. भाऊ नाराज झाला. मी म्हटलं, चांगलं झालं, निदान कळलं तरी. पारावर ते हसून बोलायचे आणि मागे काय बोलायचे ते आपल्याला ऐकू यायचं नाही. धुरावाला, ग्रुप बंद करू नका. ज्यांना बोलायला दुसरी जागा आहे त्यांना बंद करणं सोपं वाटतं.

निवृत्त_मास्तर | १९ ऑगस्ट, सकाळी ११.३०

निळी पहाट, मी उत्तर लिहिलं आणि दोनदा खोडलं. आमच्या ओसरीवर तुमच्या आजोबांसारखी माणसं बसत नव्हती, हे खरं आहे. वडील वेगळ्या राज्यासाठी भांडले, पण कपबशी वेगळी होती. मी ती लहानपणी कोनाड्यात पाहिली आहे, एक कान तुटलेली.

संत्रानगरी (नागपूर) | १९ ऑगस्ट, दुपारी १२.१५

मला वाटतं निळी पहाट विषय भलतीकडे नेत आहेत. प्रश्न सोशल मीडियाचा आहे, जातीचा नाही.

जाईजुई | १९ ऑगस्ट, दुपारी १२.४०

भाऊ, नागपुरात तसं वाटत असेल. गावात ह्या दोन्ही गोष्टी एकाच विहिरीतून येतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेल असतात, आणि पॅनेल म्हणजे भावकी, आळी, जात. फोन आल्यावर त्याच दोन आळ्यांना दिल्ली-मुंबईची नावं मिळाली, एवढंच. आधी "ते वरच्या आळीचे" म्हणायचे, आता पक्षाचं नाव घेतात. माणसं तीच.

आमच्या बचत गटाचं सांगते. बारा बायका, दर महिन्याला दोनशे रुपये. मागच्या साली लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाले तेव्हा एकीच्या नवऱ्याने गटाच्या ग्रुपवर तिच्या फोनवरून लिहिलं, "आमच्याकडून घ्यायचे आणि मत तिकडे द्यायचं, लाज वाटत नाही का?" तिला पत्ताच नाही! ती बिचारी वावरात निंदायला गेली होती, फोन घरी चार्जिंगला. दोन महिने दोघी-तिघी बैठकीला आल्या नाहीत. शेवटी अध्यक्ष बाईंनी नियम केला: गटाचं बोलणं फक्त बैठकीत, फोनवर फक्त तारीख आणि रक्कम. मोडला तर दहा रुपये दंड. आतापर्यंत नव्वद रुपये जमले, त्यातले चाळीस माझे.

डीपी_जळाली | १९ ऑगस्ट, दुपारी १२.५०

ताई, आमच्या ग्रुपवर हा नियम लावला त गावात सिमेंट रोड होईन.

कागदपत्र (गोंदिया) | १९ ऑगस्ट, सायंकाळी ५.२०

ॲडमिन म्हणून भीती असेल तर सांगतो, वकील आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलं, की सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा हेतू समान होता हे दिसलं पाहिजे. कोर्टाच्या मते ॲडमिनच्या हातात असतं काय, तर माणसं घेणं आणि काढणं. दुसरा काय टाकणार ते आधीच तपासणं नाही.

कायदा एवढाच. काकाचं काय करायचं ते कोणत्याही कलमात नाही.

धुरावाला | १९ ऑगस्ट, रात्री ८.१०

धन्यवाद वकीलसाहेब. भीती पोलिसांची नाही, काकूची आहे. ती म्हणते, "तुयाच त्या डब्यानं झालं सारं."

आज एक पाहिलं ते सांगतो. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आजपासून ३० सप्टेंबरपर्यंत काढलं. बाहेरचा कापूस स्वस्त येणार, अन् आपला पुढच्या दोन महिन्यांत निघणार. यंदाचा हमीभाव मध्यम धाग्याले ७,७१० अन् लांब धाग्याले ८,११०, पण व्यापारी काय देईन ते देव जाणे. मी ग्रुपवर बातमी टाकली. सकाळपासून रात्रीपर्यंत दोन अंगठे आले. त्याच वेळात कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या मारामारीच्या रीलवर छप्पन्न मेसेज. तो गाव कुठं आहे ते ह्यांच्यापैकी एकालेही माहीत नाही. काका अन् मित्र दोघांच्याही वावरात कपाशीच आहे. ह्या एका गोष्टीवर ते दोघं एका बाजूचे निघाले असते.

संत्रानगरी | १९ ऑगस्ट, रात्री ८.३५

ह्यात पटण्यासारखं आहे. मघाशी घाईत लिहिलं, जाईजुई ताई बरोबर आहेत. गिरण्यांना मात्र शुल्क काढलेलं हवंच होतं, ती पण एक बाजू आहे.

ठेचाभाकर | १९ ऑगस्ट, रात्री ८.३८

झालं, एक माणूस इंटरनेटवर "मी चुकलो" म्हणाला. लगेच अर्धं परत घेतलं, पण म्हणाला. तारीख लिहून ठेवा.

पुण्यातला_वऱ्हाडी | १९ ऑगस्ट, रात्री १०.००

सेटिंगमध्ये जाऊन "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" करा. २०१८ पासून सोय आहे. पोळा होईपर्यंत तरी.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावात २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. तुमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशीनेही त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला होता.

जाईजुई | १९ ऑगस्ट, रात्री १०.१२

पोरांना बंदी! आणि भांडतात कोण? पन्नाशीच्या पुढचे. बंदी घालायची तर ज्यांना चष्म्याचा नंबर आहे त्यांना घाला.

निवृत्त_मास्तर | २० ऑगस्ट, सकाळी ५.५०

चष्मा काढून लिहितो आहे.

मला वाटतं पोळ्याच्या झडत्यांकडे पाहावं. तोरणाखाली बैल उभे, आणि गडी माणसं मोठ्याने झडती म्हणतात. त्यात सावकार, पुढारी, सरकार, गावचा पाटील, कोणीही सुटत नाही. ज्याच्यावर झडती तो समोर उभा असतो, आणि त्याला हसावं लागतं, कारण सगळा गाव हसतो. नागपूरकर मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांतून, म्हणजे पुतळ्यांतून, तेच करतात. चावायची आपली रीत होतीच, पण तोंड दाखवून. निळी पहाट, तोरणाखाली कोण कुठे उभं राहायचं हेही मला माहीत आहे, ते विसरून लिहीत नाही.

डीपी_जळाली | २० ऑगस्ट, सकाळी ७.१५

मास्तर, तुमच्यासाठी आत्ता रचली. धुरावाला, वापरा बिनधास्त:

फोन घेतला हप्त्यावर, रिचार्ज मारला उधार,
दिल्लीचा झगडा गल्लीत, वावरात तण झालं फार,
ग्रुपवर झाला वाघ अन् धुऱ्यावर झाला गार,
एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव!

कोकणी_फणस | २० ऑगस्ट, सकाळी ९.००

वा! ह्या धाग्यासाठी तरी तुमच्याकडे एकदा पोळ्याला यायला हवं. खायला काय असतं?

ठेचाभाकर | २० ऑगस्ट, सकाळी ९.०४

पुरणपोळी, कढी, वडे. पण खरं यायचं असन त हिवाळ्यात या, वावरात रोडगे अन् वांग्याची भाजी. गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा तुपात चुरला की माणूस कोणत्या पक्षाचा हे स्वतःच विसरते.

धुरावाला | २५ ऑगस्ट, रात्री ९.१५

उशीर झाला. सांगतो.

बुधवारी सेटिंग बदलली, आता फक्त ॲडमिन लिहितो. परिणाम असा की आता लाईन कधी येणार हे विचारायले लोकं मलेच फोन करतात. काल सतरा फोन. एक पहाटे साडेचारले.

पोळ्याच्या दिवशी काका आपला एकटा बैल घेऊन आला. मित्र दुसऱ्या बाजूनं आपला एकटा घेऊन आला. तोरणाखाली गर्दी, रांग लावणाऱ्या म्हाताऱ्यानं दोन्ही बैल जवळजवळ उभे केले. त्याले भांडण माहीत नव्हतं की मुद्दाम केलं, अजून समजलं नाही. बैल एकमेकांची मान चाटत होते. मालक दोघं दोन दिशांले पाहत होते. डीपीभाऊंची झडती पोरांनी म्हटली, सगळं गाव हसलं, मित्रही हसला. काका नाही हसला. दोघांनी आपापला बैल सोडला अन् गेले. मी म्हटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मित्राची पोरगी, सात वर्षांची, लाकडाचा नंदी घेऊन आळीभर बोजारा मागत फिरत होती. तिले काय माहीत कोण कोणाशी बोलत नाही, गेली काकाच्या दारात. काकानं एकवीस रुपये दिले, नंदीले कुंकू लावलं, अन् म्हणे, "तुया बापाले इचार, डवरा कोणाकडं हाय? माया गोठ्यात सापडून नाही राह्यला." काकाले चांगलं माहीत आहे डवरा कोणाकडं आहे.

मित्र तिकडून काही बोलला नाही. आज सकाळी मी दूध घालायले निघालो त पाहिलं, डवरा काकाच्या फाटकाले टेकवून ठेवला होता. पास घासून, तेल लावून. बैल नाही, नुसता डवरा.

ठेचाभाकर | २५ ऑगस्ट, रात्री ९.१८

अन् बैल कवा टेकवते?

धुरावाला | २५ ऑगस्ट, रात्री ९.३१

पाऊस सुरू आहे. उघाड पडली की समजन.